गिटार ॲम्प इंटरफेसला जोडल्यावर परत परत येणारा हम: डीआय बॉक्स कुठे लावायचा आणि ट्रान्सफॉर्मर कधी लागतो

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. ॲम्पचा लाइन आउट (रेकॉर्डिंगसाठी सिग्नल देणारा जॅक) इंटरफेसला, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या उपकरणाला, जोडला की मागे खालच्या पट्टीत एक सलग घूंऽऽ, म्हणजेच हम, सुरू होते. कोणीतरी सांगतं, डीआय बॉक्स घे, म्हणजे मध्ये लावायची, सिग्नल इंटरफेसच्या जोगा करणारी छोटी पेटी. बॉक्स येतो, हम जातो, दोन-चार गाणी रेकॉर्ड होतात. मग एके दिवशी सगळ्या वायरी जिथल्या तिथे असताना हम पुन्हा हजर होतो. आता सल्ला मिळतो, स्वस्तातला बॉक्स होता, चांगला घे. पैसे जातात आणि हम तिथेच राहतो.

या प्रकारात पहिला खर्च बॉक्सवर करूच नये, असं माझं ठाम मत आहे. पहिला अर्धा तास हम कुठून आत शिरतोय हे शोधण्यात घालवा. डीआय बॉक्समधला ट्रान्सफॉर्मर ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून आणि वायरींतून तयार झालेलं बंद कडं, तोडतो. पिकअपमधून (तारांची कंपनं विजेत बदलणारा गिटारवरचा भाग), फॅन रेग्युलेटरमधून किंवा ॲम्पच्या पॉवर सप्लायमधून येणाऱ्या हमवर त्याचा काहीही उपाय नाही. उलट चुकीच्या जागी ठेवला तर तो स्वतःच हम गोळा करतो.

आधी नीट ऐका

आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे हम एकतर ५० हर्ट्झच्या आसपास असतो, नाहीतर १०० च्या. हे ओळखायला गिटारच पुरते. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा असतो. तो वाजवून पाहा. हम त्याच्याशी जवळजवळ जुळत असेल, अगदी किंचित चढा लागत असेल, तर तो १०० हर्ट्झचा. त्याच्या बरोबर एक सप्तक खाली असेल तर ५० चा. हे हेडफोनवरच ऐका, लॅपटॉपचे स्पीकर ५० हर्ट्झ वाजवतच नाहीत. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम दिसत असेल तर काम आणखी सोपं.

१०० हर्ट्झ ठळक असेल तर संशय ॲम्पच्या स्वतःच्या पॉवर सप्लायवर जातो, कारण रेक्टिफायरमधून बाहेर पडणाऱ्या डीसीवर उरलेली लहर १०० हर्ट्झची असते. ५० ठळक असेल तर ग्राउंड लूप, किंवा जवळच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. आवाज घूं नसून झझझ असा टोचणारा असेल तर खोलीतला पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर आणि इन्व्हर्टर आधी बंद करून पाहा. हा ठोकताळा आहे, निकाल नव्हे. लूपच्या हममध्येही १५०, २५० असे वरचे सूर मिसळलेले असतात.

एकेक वायर काढून शोध

पहिली गोष्ट, गिटारची वायर ॲम्पच्या इनपुटमधून काढा. हम गेला? मग प्रश्न गिटारचा, पिकअपचा किंवा त्या वायरीचा आहे. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर गिटार हातात धरून जागच्या जागी फिरा. एका दिशेला हम जवळजवळ नाहीसा होतो आणि काटकोनात वळलात की वाढतो. इथे कुठलाही डीआय बॉक्स कामाचा नाही. मॉनिटर आणि ॲम्पपासून लांब बसा, दिशा बदला. तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी होणं हेही बहुतेक गिटारांचं नेहमीचं वागणं आहे, त्याला लूप समजू नका.

गिटार काढूनही हम राहिला तर ॲम्पमधून इंटरफेसकडे जाणारी वायर काढा आणि ॲम्पच्या स्वतःच्या स्पीकरला कान लावा. स्पीकरमधूनही तितकाच हम येत असेल तर रेकॉर्डिंगची बाजू निर्दोष आहे, दुखणं ॲम्पमध्येच आहे. जुन्या ट्यूब ॲम्पमध्ये बहुतेकदा फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेले असतात. ते टेक्निशियनचं काम. ॲम्प बंद करून प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये ४००-५०० व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून मागचं झाकण स्वतः उघडू नका.

ॲम्प एकटा शांत आहे आणि वायर इंटरफेसला लावताक्षणी हम येतो, असं असेल तर तो लूप. खात्रीसाठी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. इंटरफेस यूएसबीवरच चालणारा असेल आणि चार्जर काढल्याबरोबर हम गायब झाला, तर लूप कुठून पूर्ण होत होता हे कळलं: ॲम्पची अर्थिंगची पिन, भिंतीतली वायर, चार्जरची अर्थिंगची पिन, लॅपटॉप, यूएसबी, इंटरफेस आणि सिग्नलच्या वायरीची जाळी (आतल्या तारेभोवतीचं धातूचं आवरण), असं एक भलंमोठं कडं.

चार्जर काढूनही हम तसाच राहिला तर लॅपटॉपच्या मागे पाहा. मोठ्या स्क्रीनसाठी एचडीएमआयने टीव्ही जोडलेला असतो, टीव्हीला सेट-टॉप बॉक्स आणि त्याला गच्चीवरून किंवा गल्लीतून आलेली केबल. त्या केबलची जाळी कुठेतरी दूरवर जमिनीला टेकलेली असते. घरगुती स्टुडिओत या वाटेने येणारा हम बराच वेळ सापडत नाही, कारण टीव्हीचा रेकॉर्डिंगशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनातच येत नाही. ॲक्टिव्ह मॉनिटर हीसुद्धा अशीच एक वाट, त्यांना स्वतःची तीन पिनची वायर असते.

या कड्यातून हम सिग्नलमध्ये शिरतो कसा, ते आकड्यांत बघू. दोन अर्थिंगमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असतोच. त्यामुळे जाळीतून समजा १० मिलिॲम्पियर वाहतात आणि जाळीचा रोध टोकापासून टोकापर्यंत ०.१ ओम आहे. जाळीवर १ मिलिव्होल्ट पडला. साध्या दोन तारांच्या जॅकमध्ये जाळी हीच सिग्नलची परतीची वाट, म्हणून तो १ मिलिव्होल्ट थेट सिग्नलमध्ये मिसळतो. लाइन आउट ०.३ व्होल्टच्या आसपासचा असेल तर हम त्याच्या फक्त ५० डेसिबल खाली बसला. वर कम्प्रेसर लावलात की शांत जागांत तो स्पष्ट ऐकू येणार.

अर्थिंगची पिन काढू नका

हे मधेच सांगतोय, कारण शोधाच्या याच टप्प्यावर लोक तो शॉर्टकट घेतात. ॲम्पला दोन पिनचा कन्व्हर्टर लावला किंवा प्लगमधली हिरवी वायर तोडली की लूप तुटतो आणि हम जातो. खरंच जातो, म्हणूनच ही सवय धोक्याची आहे.

गिटारच्या तारा ब्रिजमधून, वायरीच्या जाळीतून ॲम्पच्या चॅसीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. म्हणजे तुमची बोटं सतत ॲम्पच्या चॅसीवर असतात. आतला फेज उद्या चॅसीला टेकला तर अर्थिंग असल्यास फ्यूज उडतो, नाहीतर एमसीबी पडते. अर्थिंग नसेल तर तारांवर २३० व्होल्ट उभे राहतात आणि दुसरा हात किंवा ओठ माइकच्या धातूला लागायचीच खोटी. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वॉन्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावरच विजेचा धक्का बसून गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. १९७६ मध्ये ‘यार्डबर्ड्स’ या बँडचा माजी गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना असाच गेला.

लूप तोडायचा तर सिग्नलच्या वाटेत तोडा, विजेच्या वाटेत कधीही नाही. आणि अर्थिंग आहे का, हे आधी तपासा. जुन्या इमारतींत तिसरं भोक दिसतं, त्यामागे वायर असेलच असं नाही. मल्टिमीटरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. फेज-अर्थचा आकडा शंभराच्या आसपास हेलकावत असेल तर अर्थिंग लोंबकळतंय, म्हणजे कुठे जोडलेलंच नाही. लायसन्स असलेल्या वायरमनला बोलवा, त्याच वेळी ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबीही (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. मीटर कसा धरायचा माहीत नसेल तर सॉकेटमध्ये स्वतः काड्या घालू नका, हेही त्यालाच करू द्या.

एक फुकटचा उपाय इथेच करून टाका. ॲम्प, लॅपटॉप, इंटरफेस आणि मॉनिटर हे सगळं एकाच सॉकेटवरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. दोन खोल्यांतल्या दोन सॉकेटमधलं कडं भिंतीतून फिरून येतं, बोर्डवर आणलं की ते हातभर उरतं. पन्नास वॅटचा ॲम्प आणि लॅपटॉप मिळून चांगल्या बोर्डला काहीच जड नाही. बऱ्याच वेळा गोष्ट इथेच मिटते.

लाइन आउटसाठी कुठला डीआय

बोर्ड एक करूनही हम उरला तर मात्र ट्रान्सफॉर्मर हवा. ॲक्टिव्ह डीआय (विजेवर चालणारा) पॅसिव्हपेक्षा (वीज न लागणाऱ्यापेक्षा) महाग म्हणून चांगला, असा समज सर्रास आढळतो. गिटार थेट जोडायची असेल तर तो चांगला आहेच, कारण पिकअपला १ मेगओमच्या आसपासचा इनपुट लागतो. पण ॲम्पचा लाइन आउट किंवा इफेक्ट सेंड (बाहेरच्या इफेक्टकडे सिग्नल पाठवणारा जॅक) हा कमी इम्पिडन्सचा, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा स्रोत. त्याला मेगओमची गरज नाही, त्याला विद्युत संबंध तोडणारी वस्तू हवी. पॅसिव्ह डीआयमध्ये आतबाहेरचा संबंध ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातूनच असतो. अनेक ॲक्टिव्ह बॉक्सांत आत फक्त ॲम्प्लिफायर असतो, ट्रान्सफॉर्मर नसतोच. शिवाय ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (इंटरफेसने माइकच्याच वायरीतून पुरवलेली वीज) एक्सएलआरच्या, म्हणजे तीन पिनच्या माइक प्लगच्या, दोन आणि तीन नंबरच्या पिनमधून जातो आणि एक नंबरच्या पिनमधून परततो. मग ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे बॉक्सच्या दोन बाजूंची ग्राउंड वेगळी करणारं बटण दाबल्यावरही काही बॉक्सांत वाट पुरती तुटत नाही. लिफ्ट दाबून काहीच फरक पडत नसेल तर कारण बहुधा हेच. म्हणून ॲम्पसाठी मी नेहमी पॅसिव्हच सुचवतो.

पॅसिव्ह डीआयमध्ये वळशांचं गुणोत्तर साधारण १२ ला १ असतं. व्होल्टेज बारापट कमी होतो, म्हणजे जवळजवळ २२ डेसिबल. बाहेर येतो तो माइकच्या पातळीचा सिग्नल. तो एक्सएलआर वायरीने माइक इनपुटलाच लावायचा. ‘डीआय लावल्यावर आवाज बारीक झाला’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा तो लाइन इनपुटला लावलेला असतो.

इंटरफेसच्या लाइन इनपुटलाच जायचं असेल तर डीआय नको, १ ला १ चा लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या. इथे स्वस्तातल्या ६०० ओमच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरबद्दल सावध राहा. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं चुंबकीय प्रवाहाचं ओझं व्होल्टेजबरोबर वाढतं आणि वारंवारता उतरली की आणखी वाढतं. छोटा गाभा जोरात वाजवलेल्या खालच्या ईला, म्हणजे ८२ हर्ट्झला, भरून जातो आणि आवाज पिचतो, तर वरच्या तारा स्वच्छ येतात. बास गिटारला, म्हणजे ४१ हर्ट्झला, तर तो उभाच राहत नाही. जेन्सेन किंवा लुंडाल या कंपन्यांचे ट्रान्सफॉर्मर महाग असतात ते याच कारणाने. गाभा मोठा आणि निकेलच्या मिश्रधातूचा, दोन वाइंडिंगमध्ये तांब्याचा पडदा, बाहेर म्यू-मेटलचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं कवच.

जोडताना मॉनिटर खाली करा, फँटम बंद ठेवा. आधी लिफ्ट न दाबता ऐका, मग दाबून. ज्यात शांत, तेच बरोबर. कुठलीही एक स्थिती ‘नियमाने योग्य’ नसते. ॲम्पला अर्थिंग आहे आणि इंटरफेसलाही आहे, तेव्हा सहसा लिफ्ट दाबून शांतता मिळते. इंटरफेस दोन पिनच्या चार्जरवरच्या लॅपटॉपला असेल तर उलटही होतं. असे चार्जर फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडी गळती करतात, लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवला तर बारीक झिणझिण्या जाणवतात. ती गळती जायला वाट लागते, आणि लिफ्ट न दाबता ती वाट ॲम्पच्या अर्थिंगमधून मिळते.

डीआय लावूनही हम जात नाही

तीन जागा पाहा.

बॉक्स ॲम्पच्या डोक्यावर ठेवलाय का? ॲम्पचा पॉवर ट्रान्सफॉर्मर चारी बाजूंना ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र फेकत असतो आणि डीआयमधला ट्रान्सफॉर्मर ते पकडायला बसलेलाच आहे. बॉक्स हातात घ्या, हेडफोन लावा आणि बॉक्स हळूहळू मनगटात फिरवत लांब न्या. हम कमी-जास्त होत गेला तर कारण सापडलं. हे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने ओसरतं, ॲम्पपासून हात-दीड हात खाली जमिनीवर ठेवलं तरी पुरतं.

बॉक्सचं धातूचं अंग ॲम्पच्या चॅसीला, रॅकला किंवा शेजारच्या डीआयला टेकतंय का? काही बॉक्सांत अंग एक नंबरच्या पिनला जोडलेलं असतं. लिफ्टने जी वाट तोडली तीच बाहेरून धातूला धातू लागून पुन्हा जुळते. खाली रबर ठेवा.

तिसरी जागा उपकरणाच्या आतली, आणि ती पटकन लक्षात येत नाही. केबलची जाळी इंटरफेसच्या चॅसीवर संपायला हवी. काही उपकरणांत ती आतल्या सर्किट बोर्डच्या ग्राउंडवर संपते, मग जाळीतला प्रवाह थेट सर्किटमध्ये शिरतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या नियतकालिकात हा दोष नीट मांडला. तेव्हापासून त्याला ‘पिन वन प्रॉब्लेम’ म्हणतात. तपासणी सोपी आहे. एका एक्सएलआर प्लगमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिन एकमेकींना १५० ओमच्या रेझिस्टरने जोडा आणि केबलची फक्त जाळी एक नंबरला सोल्डर करा. दुसरं टोक, म्हणजे जाळीच, ॲम्पच्या लाइन आउटच्या जॅकच्या बाहेरच्या धातूला लावा. सिग्नल जायला वाटच नाही, तरी हम आला तर दोष इंटरफेसचा आहे, बॉक्स कितीही बदला.

यूएसबीच्या वाटेत आयसोलेटर घालायचा सल्लाही मिळतो. स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटच्या वेगापुरते असतात, बरेचसे इंटरफेस ४८० मेगाबिटवर चालतात. त्यांच्याशी ते जुळत नाहीत.

स्पीकर आउटमधून घ्यायचं असेल तर

इथे चूक झाली तर हम नव्हे, ॲम्प जातो. ५० वॅट ८ ओममध्ये म्हणजे २० व्होल्ट, १०० वॅट म्हणजे २८. प्रो उपकरणांची लाइन पातळी १.२३ व्होल्टची असते. त्यामुळे स्पीकर आउट इंटरफेसला थेट लावायचा नाहीच, आणि स्पीकर इनपुट किंवा मोठा पॅड (सिग्नल कमी करणारी सोय) नसलेल्या डीआयलाही नाही. ४० डेसिबलचा पॅड ट्रान्सफॉर्मरच्या आधी असेल तर २० व्होल्टचे ०.२ उरतात, आणि ते ठीक आहे.

ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पची शक्ती झेलणारी पेटी) जोडलेला असल्याशिवाय चालवायचा नाही. डीआय हा लोड नव्हे. ॲम्पमधून डीआयचा इनपुट, डीआयच्या थ्रूमधून (इनपुट तसाच पुढे देणाऱ्या जॅकमधून) स्पीकर, आणि दोन्हीकडे स्पीकर केबल, गिटारची बारीक वायर नाही. लोड नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज चढतो आणि वाइंडिंग जळतं. लोड बॉक्स घेतलात तर ओम आणि वॅट दोन्ही जुळवा.

ट्रान्झिस्टर आणि क्लास डी ॲम्पची वेगळी अडचण आहे, विशेषतः बासच्या हलक्या हेडची. त्यातल्या कित्येकांचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं. म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, कुठलंच टोक ग्राउंड नसतं. अशा आउटपुटला साधा, ट्रान्सफॉर्मर नसलेला बॉक्स लावला की एक टोक अर्थिंगला शॉर्ट होतं आणि आउटपुट स्टेज उडू शकते. मॅन्युअलमध्ये ‘ब्रिज्ड’ किंवा ‘निगेटिव्ह टर्मिनल ग्राउंडला जोडू नका’ असं लिहिलेलं असेल तर स्पीकर आउटचा नाद सोडा, हेडच्या मागचा डीआय आउट वापरा.

स्पीकर आउटमधून आलेला आवाज कर्कश लागला तर तो बिघाड नव्हे. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही, डीआयमध्ये मात्र ते सगळं येतं. सॉफ्टवेअरमध्ये कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) लावा. आणि शेजाऱ्यांची अडचण नसेल तर स्पीकरसमोर एसएम५७ सारखा साधा माइक लावून पाहाच. माइक आणि ॲम्प यांच्यात वायरच नाही, तर लूप होणार कुठून.

गेलेला हम परत का येतो

कारण कडं बदलतं. चार्जर बदलला, तीन पिनचा गेला आणि दोन पिनचा आला. घरी नवा राउटर आला. एप्रिल-मेमध्ये इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आणि त्याचा रोध वाढला. पावसाळ्यात जॅकवर हिरवट थर चढला आणि जाळीचा जोड कच्चा झाला. इस्त्री किंवा गीझर त्याच लाइनवर चालू आहे. यातलं काहीही झालं तरी बॉक्सला दोष जातो.

म्हणून सगळं शांत झालं की त्याच दिवशी दोन कामं करा. गेन आणि व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवून काही न वाजवता दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि मीटरवरचा आकडा फाइलच्या नावातच लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘शांत उणे ७२’. आणि सगळ्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो काढा, एक्स्टेन्शन बोर्डसकट. हम परत आला की तसंच दहा सेकंद रेकॉर्ड करून दोन आकडे शेजारी ठेवा, फोटोत नसलेली वस्तू आधी काढा, आणि मगच डीआयच्या बटणाला हात लावा.